तेराव्याचे तांबे

१

आमच्या गावात मेलेली माणसं पाणी पाजतात. कुणाच्याही घरी जा, ओट्यावर टेका, आतून पाण्याचा तांब्या येतो आणि त्याच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी नाव उमटवलेलं असतं. कैलासवासी अमुक यांचे स्मरणार्थ. तेराव्याला घरटी एक तांब्या वाटायचा, अशी रीत. जिवंतपणी ज्याला कुणी चहा विचारला नाही, त्याच्या नावानं पुढं वर्षानुवर्षं गाव चुळा भरतं. आमच्या फडताळात असे बरेच जण उपडे घातलेले होते. अठ्ठ्याहत्तरच्या माघात त्यांच्यात माझा भाऊ आला. ज्योतीराम. तिशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं.

मी तेव्हा कॉलेज सोडून घरी बसलो होतो. का सोडलं म्हणून विचारणाऱ्या म्हाताऱ्यांना सांगायचो, शिकून तुमच्यासारखं शहाणं होईन अशी भीती वाटली. त्यामुळे दुसऱ्यांदा कुणी विचारत नसे. दुपारची जेवणं झाली की आई दादाचा तांब्या भरून चुलीमागच्या कोनाड्यात ठेवायची आणि वाकळ टाकून आडवी व्हायची. माळापलीकडच्या कंपनीचा भोंगा व्हायचा, म्हणजे तिथली जेवणाची सुट्टी संपली. गाव मात्र झोपायचं. माशा आणि मी, एवढेच जागे.

अशाच एका दुपारी भोंगा होऊन थोडा वेळ गेला आणि कोनाड्यातल्या तांब्यातलं पाणी हललं.

बारीक वलयं मधोमध उठायची, काठाला जाऊन विरायची. मग पाणी निवांत. मग पुन्हा. हात लावला तर तांब्या बोटांना मुंग्या आल्यासारखा लागला. कान नेला तर आत एक आवाज होता. उठायचा, थांबायचा, उठायचा.

"आये, हे बघ."

"खाणीत सुरुंग लावला आसंल," आई डोळे न उघडता म्हणाली.

"सुरुंग असा थांबून थांबून लागतो व्हय?"

"मग ट्रक आसंल. गप पड जरा."

मी आज्याच्या नावाचा तांब्या भरून शेजारी ठेवला. आज्याचं पाणी ढिम्म. दादाचं हलतंय. कोनाड्यातून काढून वाकळेवर ठेवला, तरी हलतंय. पत्रा पातळ असेल, चुलीच्या उबेनं तांबं ताणलं जात असेल, असं मी स्वतःला समजावलं. कॉलेजात पदार्थविज्ञान होतं मला. पण चूल विझून थंडगार झाली होती.

थोड्या वेळानं ते थांबलं. माणूस कंटाळून थांबतो तसं.

२

दादा त्या कंपनीत प्रेसवर होता. पत्र्याला एका दणक्यात आकार देणारं यंत्र. एके दिवशी, दुपारच्या सुट्टीनंतर, प्रेसनं त्याचा हात खांद्यापर्यंत आत घेतला. मालक गाडी घेऊन मुंबईला गेलेला. कंपनीत फोन होता, दांडा फिरवून घंटी द्यायचा. फिरवला की चाकणच्या एक्स्चेंजमधली बाई उचलायची आणि हवा तो नंबर जोडून द्यायची. चिंचवडच्या दवाखान्यातून अॅम्ब्युलन्स मागवायला तेवढाच एक मार्ग होता.

आदल्याच दिवशी कंपनीपासून आमच्या शिवेपर्यंत खांबांवरची तांब्याची तार कुणीतरी तोडून नेली होती.

हे मला वॉचमन साहेबरावनं सांगितलं. तो लातूरकडचा. दहाव्याला आला, सगळ्यांपासून लांब भिंतीला टेकून बसला, आणि मी पाणी द्यायला गेलो तेव्हा माझं मनगट धरलं.

"मी दांडा फिरवायलोच होतो बघा, भाऊ. लाइन मुकी. कळत होतं मला. तरी फिरवायलोच होतो. तुमचा दादा शेजारी पडलेला. सारखा इचारायचा, लागला का? मी म्हणायचो, लागायलाय. परत इचारायचा, लागला का?" त्यानं मनगट सोडलं. "टेम्पो मिळंपर्यंत इचारायचा बंद झाला."

माझे चुलते हिंदुराव, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, ते बैठकीच्या मधोमध बसले होते. गावात कुठलीही बैठक असो, तात्यांची पाठ लोडाला आणि तोंड लोकांकडं. वडील गेल्यापासून घरचा कारभार त्यांच्या हातात.

"तारचोरांचा सुळसुळाट झालाय," तात्या म्हणाले. "सरकार झोपलंय."

"व्हय, व्हय," दत्तोबा म्हणाला. त्याच्या शेजारचे म्हातारेही म्हणाले. सगळे एकदम, कीर्तनातल्या टाळकऱ्यांसारखे.

मग तात्यांनी उपरण्यानं डोळे टिपले. "तेराव्याचे तांबे माझ्याकडनं. कुनी काय बोलू नका. पोरगं माझ्या मांडीवर वाढलंय."

बायका हुंदके द्यायला लागल्या. केवढं काळीज, असंही कुणीतरी म्हणालं. टेलिफोनवाले मधे एकदा येऊन उघडे खांब बघून गेले होते. नवी तार कधी येईल ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

३

तांबे आळंदीच्या किसन तांबटाकडून आले होते. पाणी हललं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एस.टी. पकडून त्याच्याकडं गेलो. भट्टीपुढं बसून तो एक घागर ठोकत होता.

"आमच्या तांब्यांना कुठलं तांबं वापरलंत?"

"तुमच्याच हिंदुरावांनी मोड आणून टाकली की. तारंची वेटोळी. बैलगाडी भरून, वरनं कडबा."

मला आधी काही वाटलंच नाही. पाय भट्टीसमोर भाजतायत एवढंच जाणवलं. मग डोकं वकिली करायला लागलं. जुनं तांबं मोडीत घालायचं आणि बदल्यात तयार भांडं न्यायचं, ही सगळ्यांची रीत. घातली तीच तार आपल्या तांब्यात आली असं थोडंच असतं? तसं मी विचारलंही.

"एरवी तसंच," किसन तांबट म्हणाला. "पन गावभर वाटायचे तांबे तयार कुठनं आणू? आन् ती तार दुसऱ्या मालात मिसळू वाटंना."

"का?"

तो घागर फिरवत राहिला. "हातोडा पडायचा आन् आवाज यायचा न्हाई. आमी हात थांबवला की मग यायचा. पोरं काम सोडून पळाली माझी. पैलं उरकलं ते काम. आता जावा तुमी."

घरी आलो तो थेट तात्यांच्या ओट्यावर. आमचं आणि त्यांचं घर पाठीला पाठ, मधे फक्त परस. ते सुपारी कातरत होते.

"तार तुम्ही तोडली."

"हळू बोल."

"दादा मेला त्या तारेपायी."

"तुझ्या भावाला मशिनीनं मारलं, तारंनं न्हाई." अडकित्ता वाजतच होता. "आमच्या जिमिनी कवडीमोलानं घेतल्या तवा कुनी फोन केला हुता का आमाला? खांब आमच्या रानात रवलं. तार आमच्या डोक्यावरनं नेली. घेतली जरा. सगळ्या गावानं मिळून घेतली. दत्तोबाला इचार. नामदेवाला इचार."

"आणि त्याच तारेचे तांबे करून वाटलेत? त्याचंच नाव घालून?"

"मग काय इकून खाऊ? धरमाच्या कामाला लावली की." हे ते मनापासून म्हणाले. यात काही चुकलं असेल अशी शंकाही त्या तोंडावर नव्हती. ज्या माणसांनी आम्हाला लहानपणी खरं बोलायला शिकवलं ती ही माणसं.

"ते तांबे वाजतात, तात्या. दुपारचे."

ते हसले. "चार भांडी एका जागी आली की वाजायचीच."

पण त्यांच्या ओट्यावर, पाटाशेजारी, आलेल्या-गेलेल्यासाठी नेहमी तांब्या भरलेला असायचा. त्या दिवशी तिथं मातीचं मडकं होतं.

४

शालनवहिनीकडं माझं लक्षच नव्हतं. घरात माणूस मेलं की विधवेकडं बघायचं नाही, तिला फक्त कामं सांगायची, हेही आम्ही थोरांकडून शिकलेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी भोंग्यानंतर मी माजघरात गेलो तर ती अंधाऱ्या कोपऱ्यात बसलेली. तांब्या कानाशी, डोळे मिटलेले. पाणी तिच्या खांद्यावर सांडून चोळी भिजली होती.

"वहिनी."

तिनं हात वर केला. थांबा.

आवाज थांबल्यावर तिनं तांब्या खाली ठेवला. "घंटी वाजती भावजी. कुनी उचलत न्हाई."

वहिनीनं जन्मात फोन हातात धरला नव्हता.

"पत्रा पातळ आहे," मी म्हणालो. "कंपनीची यंत्रं सुरू झाली की जमिनीतून हादरे येतात, तेच ते."

"घंटी थांबली की ते बोलत्यात. मला न्हाई, दुसऱ्या कुनाला तरी. लांबनं येतंय." ती माझ्याकडं बघत होती. "लागला का, म्हनत्यात. काय लागायचंय त्यांना?"

साहेबराव माझ्याशी बोलला तेव्हा वहिनी आतल्या खोलीत होती, दार लावून. मी तिला ते कधी सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

"ते अजून तिथंच पडल्यात," ती म्हणाली. "हितं सगळ्यांनी तेरावं जेवून घेतलं, आन् ते अजून वाट बघत पडल्यात."

मी तांब्या उचलून कानाला लावला. स्वतःच्या घरात, भर दुपारी, भांड्यात तोंड घालून "हॅलो" म्हणालो. लाज वाटली. आत पोकळी होती, घरापेक्षा मोठी. पोकळीच्या टोकाला कुणीतरी दातांवर दात दाबून श्वास घेत होतं.

"दादा?"

श्वास तसाच चालू राहिला. मी तिथं नसल्यासारखा.

"आपला आवाज पलीकडं जात न्हाई," वहिनी म्हणाली. "मी लई हाका मारल्या."

त्या दिवसापासून तिनं जेवण सोडलं. काळेवाडीहून तिचा भाऊ तिला न्यायला आला, ती उंबऱ्याबाहेर पडेना. त्यांचा निरोप पोचल्याबिगर न्हाई यायची, म्हणाली. अंगावरचं लुगडं सैल व्हायला लागलं. आईनं तिला देवाचे अंगारे लावले. तात्या म्हणाले, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय, येरवड्याला न्यावी लागेल, बुधवारी गाडी सांगतो. ते हे जेवता जेवता म्हणाले आणि आईनं त्यांच्या पानात भाकरी वाढली. माझी आई. तिला मी त्याच घटकेला आई म्हणायचं सोडलं असतं, पण दुसरं काय म्हणणार?

"अन्न घे वहिनी," मी रात्री ताट घेऊन गेलो. "मरशील अशानं."

"एकदा कुनीतरी उचलू दे. येतो म्हनू दे त्यांना. तेवढं झालं की जेवते."

५

बुधवारच्या आदल्या दिवशी ती पाटी घेऊन घराबाहेर पडली.

दारोदार गेली. तेराव्याचा तांब्या परत मागायला. मला वाटलं, लोक हाकलून देतील. दिलेलं परत मागणं म्हणजे केवढा अपशकुन. पण तिनं तोंड उघडायच्या आत बायका तांब्या हातात ठेवत होत्या. तेव्हा कळलं, गावात कुणीच दुपारचं झोपत नव्हतं. नामदेवाच्या सुनेनं तो ज्वारीच्या कणगीत खोल पुरलेला. कुणी विहिरीत सोडला होता, तिथंही त्या वेळेला पाणी उकळल्यासारखं दिसायचं, मग गळ टाकून काढला. महिनाभर सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे एकमेकांना म्हणत होते, सुरुंग आसंल.

दत्तोबानं उकिरडा उकरून आणून दिला.

"म्हस दूध चोराय लागली पोरी. ने बाई. लई उपकार हुतील."

"चोराय लागली? म्हशीनंसुद्धा तुमच्याकडनंच शिकून घेतलं म्हणायचं," मी बोललो.

"तू गप रं माल्या. कालिजात वाया गेल्यालं पीक तू."

वहिनी पुढं निघाली होती. तिनं कंपनीच्या कुंपणापासून सुरुवात केली. प्रत्येक खांबाच्या बुडाशी एक तांब्या, मधल्या अंतरात एकदोन. सगळ्यांत पाणी. साहेबराव गेटवरून बघत होता, त्यानं पिंप भरून दिलं. मी पाटी वाहिली. खांबांची रांग पुढं रस्त्याकडेनं चाकणला जात होती. वहिनीनं तांब्यांची रांग शिवेवरून गावाकडं वळवली, हरभऱ्याच्या रानातून, देवळामागून, गल्लीतून. शेवटचा तांब्या तात्यांच्या ओट्यावर, त्यांच्या पाटाशेजारी ठेवला.

"हे काय थेर?" तात्या ओरडले.

"तुमच्यासाठी फोन हाय, मामंजी," वहिनी म्हणाली.

६

भोंगा झाला तेव्हा अर्धं गाव गल्लीत उभं होतं. ऊन असं की भिंतींना सावल्या नव्हत्या. वारा अजिबात नाही.

आधी लांब कुंपणाकडं काहीतरी चमकलं. मग त्याच्या अलीकडं. प्रत्येक तांब्यातलं पाणी हलताना उन्हाची तिरीप उडवत होतं, आणि ती तिरीप एकेका खांबानं आमच्याकडं सरकत होती. रान ओलांडलं. देऊळ ओलांडलं. कुणीतरी लेकरू उचलून कडेवर घेतलं. गल्लीतले तांबे घुमायला लागले आणि ओट्यावरचा तांब्या वाजला.

ही घंटीच होती. आता पदार्थविज्ञान सांगून उपयोग नव्हता.

"हिंदुराव, उचला की एकदा," दत्तोबा चाचरत म्हणाला. "हां म्हना. सगळ्यांच्या मागची पीडा जाईल."

"येडी झालीत सगळी. तांब्यात कोन बोलतंय?" तात्यांनी मिशीवर हात फिरवला. गाव बघत होतं, आणि गाव बघत असलं की तात्यांना मागं सरता येत नसे. "दावतो तुमाला. काय नसतंय त्यात."

ते वाकले. कान लावला.

आवाज थांबला. आम्हाला शब्द ऐकू आले नाहीत. एक बारीक कुरकुर, मग शांतता. कुणीतरी काहीतरी विचारून उत्तराची वाट बघतंय तेवढी शांतता. तात्यांचं तोंड उघडलं. हो म्हणायला उघडतं तसं. मी त्यांच्यापासून हातभर लांब होतो, त्यांच्या जिभेचं टोक मला दिसत होतं. वहिनीनं ओट्याचा खांब घट्ट धरला होता. येतो, एवढं एकच म्हणायचं होतं त्यांना. खोटं म्हटलं असतं तरी चाललं असतं. जन्मभर खोटं बोललेला माणूस.

त्यांनी मान वर केली. गल्लीकडं बघितलं. सगळ्या तोंडांकडं, एकेक करून.

"राँग नंबर हाय," ते म्हणाले, आणि हसले.

मग तांब्या उपडा केला. पाणी ओट्यावरून धुळीत गेलं. गल्लीतले तांबे एकदम गप झाले.

७

वहिनी रडली नाही. "न्हाई म्हनाले," एवढंच बोलली, पलीकडच्या कुणाला तरी सांगावं तसं.

लोक पांगायला लागले होते. तेवढ्यात लांब कुंपणाकडं तांब्या आडवा पडल्याचा आवाज आला.

"कुत्रं आसंल," कुणीतरी म्हणालं.

थोड्या वेळानं दुसरा पडला. अलीकडचा. मग तिसरा. घाई नव्हती. दोन आवाजांच्या मधे माणसाला एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत चालायला लागतो तेवढा वेळ जात होता.

कुणी ओरडलं नाही. पण दारं लागली. एकामागून एक, आतून अडसर. दत्तोबा पळताना पायताण विसरला. तात्या कधी आत गेले ते कळलंच नाही. त्यांच्या दाराआडून पेटी ओढत आणल्याचा आवाज आला.

वहिनीनं पदर डोक्यावरून घेतला आणि गल्लीतून रानाकडं चालायला लागली. मी तिचा दंड धरला. तिनं माझ्याकडं बघितलं. महिन्यात पहिल्यांदा तिच्या तोंडावर माणसासारखी भूक दिसली मला. मी दंड सोडला.

देवळाच्या कोपऱ्यावरून मला हरभऱ्याचं रान दिसत होतं. ती बांधावर थांबली, बाजूला सरली, कुणाला तरी वाट दिली. मग मागोमाग परत निघाली. बाजाराला जाताना ती दादाच्या मागं जेवढं अंतर ठेवून चालायची, तेवढंच अंतर. पुढं जे होतं ते उन्हात नीट दिसत नव्हतं. कंपनीचा निळा शर्ट दिसला. त्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा फार खाली होता. बाही रिकामी नव्हती, पण तिच्यातलं काही चालण्याबरोबर हलत नव्हतं.

मी तोंड फिरवलं. देवळामागचा तांब्या पडला.

"माल्या!" तात्यांचा आवाज दाराच्या फटीतून आला. असा आवाज त्यांना आहे हे मला ठाऊक नव्हतं. "माल्या, कोन येतंय रं? बघ की. सांग की."

"तुम्हालाच ठाऊक. फोन तुम्हाला आला होता."

"लेकरा, असं करू नगं. मी तुला हातानं भरवलंय."

भरवलं होतं, खरं. मी घराला वळसा घालून परसात गेलो. तात्यांच्या घराच्या मागच्या दाराला कडी बाहेरून आहे. आत पेटी सरकावून ते पुढच्या दाराला पाठ लावून बसले होते, मागे वळून बघायचं त्यांना सुचलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी तांब्या पडला.

कडी गंजलेली होती, दोन्ही हात लावावे लागले. दार पूर्ण उघडलं आणि मी वाटेतून बाजूला झालो.